माझ्या दारातले खडे

मी एक म्हातारी उंदरीण आहे. मित्रांनो, लगेच तोंड वाकडं करू नका. उंदीर म्हटलं की तुम्हाला कुरतडलेली पोती, भोकं पडलेले मोजे आणि कपाटामागचा वास आठवतो, हे मला ठाऊक आहे. त्यातलं काहीही मी केलेलं नाही. माझ्या आईने केलेलं नाही, आजीनेही नाही. आमच्या खानदानात आजवर कुणी माणसाच्या घराचा उंबरा ओलांडलेला नाही. उलट माणसंच आमच्या घरी आली, आमचं दार उचलून घेऊन गेली आणि वर आमच्या नावाने पुतळा उभारला. त्या पुतळ्याखालीच मी राहते. राग अजून गेलेला नाही, तेव्हा मधूनमधून आवाज चढला तर सांभाळून घ्या.

या शहराच्या टोकाला एक टेकडी आहे. टेकडीच्या माथ्यावर पाण्याची मोठी टाकी आहे आणि पायथ्याशी बंद पडलेली दगडाची खाण. या दोन्हींमधला खडकाळ उतार म्हणजे आमचं सगळं जग. आमची जात या एवढ्याशा उतारावर राहते, दुसरीकडे कुठेही राहत नाही. ही फुशारकी नाही. आम्हाला दुसरीकडे जमतच नाही. खालच्या बाजूला माती चिकट आहे, तिच्यात बीळ टिकत नाही. वर टाकीपाशी नुसता कातळ, तिथे नखं चालत नाहीत. आणि आम्हाला लागतो तसा खडा मिळतो तो फक्त याच उतारावर.

आता खडा कशाला लागतो, असं विचाराल. खडा म्हणजे आमचं दार. बिळाच्या तोंडाभोवती आम्ही बारीक खड्यांचा ढीग रचतो. तोंडात धरून एकेक खडा आणायचा, नाकाने सरकवायचा, पुढच्या पायांनी दाबून बसवायचा. पाऊस आला की पाणी ढिगाला वळसा घालून निघून जातं. ऊन तापलं की ढिगामागे गारवा राहतो. लहानपणी एकदा आम्ही भावंडं दुपारी आईच्या कुशीत झोपलो होतो, तेव्हा दाराशी खडे खुळखुळले. साप होता. त्याच्या पोटाखाली खडे हलले म्हणून आईला जाग आली आणि तिने आम्हाला मागच्या दाराने बाहेर ढकललं. खडे नसते तर ही गोष्ट तुम्हाला सांगायला मी उरले नसते.

खडा निवडायला मला आईनेच शिकवलं. तिची शिकवण्याची तऱ्हा फार वाईट होती. मी धापा टाकत खडा आणायची. ती तो एकदा हुंगायची आणि मागच्या पायाने उतारावरून लोटून द्यायची. का, ते सांगायची नाही. हा टोकदार आहे, हा मोठा आहे, हा भुसभुशीत आहे, हे माझं मी ओळखायचं. मला इतका संताप यायचा की एकदा मी मुद्दाम तोच खडा पुन्हा आणला. तिने तो पुन्हा लोटला. मग एके दिवशी मी काळपट, गोल, मधोमध पांढरी रेघ असलेला खडा आणला. आईने हुंगला, थोडी थांबली आणि स्वतःच्या नाकाने सरकवून ढिगात बसवला. तो माझा पहिला पसंत झालेला खडा. त्या दिवशी मी जेवलेसुद्धा नाही, इतका आनंद झाला होता.

आई गेल्यावर ते बीळ आणि तो ढीग माझ्याकडे आला. वरचे खडे माझे, मधले आईचे, त्याखालचे आजीचे. अगदी तळाशी असलेले कुणी आणले होते, ते आईलाही माहीत नव्हतं. तुमच्या घरात कुणाच्या पणजीने बसवलेलं दार आजही उघडतं-मिटतं आहे का, जरा आठवून बघा.

तोवर आम्हाला कुणी विचारत नव्हतं आणि आमचं छान चाललं होतं. मग मोजपट्टीवाल्या बाई आल्या. त्या कॉलेजात शिकवत आणि प्राण्यांचा अभ्यास करत. त्यांनी पिंजऱ्यात दाणे ठेवून मला पकडलं, कापडी पिशवीत घालून वजनाच्या काट्याला लटकवलं, माझी शेपटी मोजली, कान मोजले, पाऊल मोजलं. मला एका शब्दाने विचारलं नाही.

"चावू नकोस गं, झालंच आता," त्या म्हणाल्या.

मी चावले.

"चावलीस? बरं केलंस. मीही तेच केलं असतं," असं म्हणत त्यांनी बोट चोखलं आणि मला माझ्याच दाराशी आणून सोडलं. जाताना त्या ढिगाला पाय लागू नये म्हणून लांबून वळसा घालून गेल्या. एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्यांना माफ केलं.

पुढे त्यांनी काय सांगितलं, कुठे सांगितलं, देव जाणे. पण एवढं खरं की हा उंदीर जगात फक्त याच टेकडीवर आहे, ही बातमी वर्तमानपत्रात आली आणि शहराने आम्हाला डोक्यावर घेतलं. तेव्हापासून आमचं नाव पडलं खडेउंदीर. फुटबॉलच्या संघाने ते नाव घेतलं. बेकरीवाल्याने आमच्या आकाराची बिस्किटं काढली. बसवर माझं चित्र लागलं, त्यात मी हसत होते. मित्रांनो, मी हसत नाही. उंदरांना हसता येत नाही, आणि आलं असतं तरी त्या दिवसांत हसण्यासारखं काही घडलं नाही.

कारण शहराने ठरवलं की टेकडीवर खडेउंदरांसाठी उद्यान करायचं. खडेउंदरांसाठी, बरं का. उद्यानप्रमुखांच्या गळ्यात कायम शिट्टी असायची, म्हणून मजूर त्यांना शिट्टीसाहेब म्हणत. साहेबांनी आधी उतारावरचं गवत काढायला लावलं, म्हणजे आमचं खाणं गेलं. मग दिवे लावले, म्हणजे आमचा अंधार गेला. मग खाणीच्या काठाशी फरशी घातली आणि तिथे ट्रकमधून पुतळा आला. दोन तुकड्यांत आला. खोलीएवढा उंच, कान बशीसारखे, दात बाहेर. कुणीतरी दुकानातल्या पाळीव उंदराचा फोटो पाठवला असणार. आमचे कान छोटे असतात आणि दात आम्ही तोंडात ठेवतो.

पुतळा उभा करायचं काम एका गवंड्याकडे होतं. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. त्याच्या हाताखाली त्याची वहिनी होती. ती माल कालवायची, घमेली उचलायची आणि दिराला कामाच्या चार गोष्टी सुनवायची. पुतळ्यापुढच्या अंगणात सिमेंटमध्ये खडे बसवून मोठ्या अक्षरांत लिहायचं होतं, 'आमचा उंदीर, आमचा अभिमान'. त्यासाठी ट्रकभर खडी आली होती.

"साहेब, यातले अर्धे बटाट्याएवढे आहेत," मिस्त्री म्हणाला.

"ते चालणार नाहीत. सगळे एकसारखे हवेत. अक्षर कसं रेखीव दिसलं पाहिजे, पाहुणे फोटो काढणार."

"निवडत बसायचं तर महिना जाईल."

"महिना कुठला? शनिवारी उद्घाटन आहे," असं म्हणून साहेबांनी शिट्टी फुंकली आणि ते निघून गेले.

दुपारी वहिनी डबा घेऊन उतारावर सावलीला आली. माझ्या दारापासून हातभर अंतरावर बसली. माझी चार पिल्लं तेव्हा डोळेही न उघडलेली, आत एकमेकांना चिकटून पडली होती. मी दाराआड श्वास रोखून उभी. तिने घास तोंडात घातला आणि तिची नजर ढिगावर गेली.

"भाऊजी, वर या जरा. हे बघा, कुणीतरी खडे निवडून ठेवलेत."

मिस्त्री आला. ओणवा होऊन त्याने ओंजळभर खडे उचलले. "टाकीचं काम झालं तेव्हा ठेवले असतील मजुरांनी."

"किती नीट निवडलेत. एक मोठा नाही की एक बारीक नाही. टोचतसुद्धा नाहीत हाताला."

"पलीकडेही ढीग आहेत बघा. सगळ्या उतारावर आहेत. वहिनी, आपलं काम झालं."

माझ्या कामाची इतकी नेमकी स्तुती माझ्या आईने कधी केली नव्हती. आणि ती कानावर पडत होती तेव्हा माझं दार त्यांच्या घमेल्यात पडत होतं. वरचे, मधले, खालचे, सगळे. गाणं गुणगुणत उचलत होती ती. तळाचा खडा निघाला तेव्हा बिळाचं तोंड उघडं पडलं.

"भोक आहे हो इथे," वहिनी म्हणाली.

"उंदराचं असेल कुठल्यातरी. हात नका घालू."

कुठल्यातरी! ज्याच्या नावाचं उद्यान, ज्याच्या अभिमानाची अक्षरं, त्याच्या दारात उभं राहून हे बोलणं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण पोटाशी पिल्लं होती आणि बाहेर फावडं होतं. मी पिल्लांना आणखी आत ओढलं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या उतारावर एक ढीग उरला नाही.

दुसऱ्या दिवशी पाऊस आला. फार मोठा नव्हता. असे कितीतरी पाऊस त्या ढिगाने अंगावर घेतले होते आणि आम्ही आत कोरडे झोपलो होतो. या वेळी पाणी सरळ आत शिरलं. मी एका पिल्लाला मानेला धरलं, मागच्या दाराने बाहेर पडले, त्याला कातळाच्या फटीत ठेवलं आणि परत फिरले. दुसऱ्याला नेलं. तिसऱ्यासाठी आले तेव्हा बीळ भरलं होतं. मी आत तोंड घातलं, पुन्हा घातलं. हाती काही लागलं नाही. दोन पिल्लं गेली. पाण्याने नेली असं कुणी म्हणेल, मी तसं म्हणणार नाही. माझी पिल्लं गेली ती दार नव्हतं म्हणून. शेजारच्या बिळांमध्ये काय झालं ते मी सांगत नाही, तुम्ही लहान आहात.

पाऊस थांबल्यावर मी खाली अंगणात गेले. आयुष्यात पहिल्यांदा तिथे पाय ठेवला. अक्षरं बसवून झाली होती, पण पावसामुळे सिमेंट नीट धरलं नव्हतं. त्या अक्षरांवरून चालताना पायाखाली माझेच खडे लागत होते. हा माझा, हा शेजारणीचा, हा आजीच्या थरातला. आणि एका अक्षराच्या टोकाला तो दिसला, काळपट, पांढऱ्या रेघेचा. मी दात लावले आणि ओढला. निघाला.

मग मी ठरवलं. खडे इथे आहेत ना, तर घरही इथेच. पुतळ्याच्या उजव्या पायामागे भरावाची माती सुटी होती. तिथे मी बीळ काढलं, दोन्ही पिल्लं आणली आणि पहाटे-संध्याकाळी एकेक खडा उपटून दाराशी रचू लागले. ज्याला याला चोरी म्हणायचं असेल, त्याने आधी त्या घमेल्याचा हिशोब द्यावा.

शुक्रवारी साहेबांच्या लक्षात आलं.

"मिस्त्री, हे काय काम? खडे उपटून चाललेत. उद्या पाहुणे काय म्हणतील?"

"माझ्या हातचा खडा असा सुटत नाही, साहेब," मिस्त्रीला ते फार लागलं. "कुणीतरी उकरतंय." तो पुतळ्यामागे गेला आणि त्याला माझं दार दिसलं. "हे बघा. उंदीर लागलेत."

"उंदीर? इथे?" साहेब घाबरलेच. "उद्घाटनाला उंदीर निघाला तर शोभा होईल आपली. औषध टाका ताबडतोब."

खडेउंदरांच्या उद्यानात उंदीर निघाला, म्हणून शोभा होणार होती. मी हे रचून सांगत नाही. त्यांनी गुलाबी गोळ्यांचं पाकीट वहिनीच्या हातात दिलं आणि ते खुर्च्या मोजायला गेले.

संध्याकाळ होत आली होती. मी खडा घेऊन दाराशी आले, तर समोर वहिनी बसलेली, मुठीत गोळ्यांचं पाकीट. पळावं असं वाटलं. पण आत पिल्लं चिवचिवत होती, आणि खरं सांगू, मला पळायचा कंटाळा आला होता. माझ्याच दारातून मी का पळू? मी तिच्यादेखत खडा ठेवला, नाकाने सरकवला, पायांनी दाबून बसवला.

तिने पाकिटाची मूठ मागे घेतली. मग हळूच म्हणाली, "भाऊजी, इकडे या. आवाज करू नका."

मिस्त्री आला, टेकला. मी दुसरा खडा आणला आणि त्याच्याही देखत बसवला.

"निवडणारी ही आहे," वहिनी म्हणाली.

मिस्त्रीने अक्षरांकडे पाहिलं. मग वर, मोकळ्या उताराकडे. "म्हणजे ते सगळे ढीग..."

"मी घमेली भरभरून आणले हो. तुम्ही म्हणालात मजुरांनी ठेवलेत, आणि मीही लगेच खरं मानलं."

तिने साहेबांना बोलावून आणलं. "साहेब, हाच तो खडेउंदीर. आपण याचीच दारं उचलली."

साहेबांनी वाकून मला पाहिलं, मग मान वर करून पुतळ्याकडे पाहिलं. "काहीतरीच काय? त्याचे कान बघा, केवढे आहेत. ही कुठलीतरी चिचुंद्री आहे. टाका औषध."

चिचुंद्री! मला! चिचुंद्रीचं नाव काढलं तरी आमच्याकडे नाक मुरडतात. ज्या सोंगाला माझ्यासारखं करायला हवं होतं, ते माझ्यासारखं नव्हतं, म्हणून मी खोटी ठरले.

"बरं साहेब," वहिनी म्हणाली. साहेब गेले. तिने पाकीट फोडलं, एकूण एक गोळी घमेल्यातल्या ओल्या सिमेंटमध्ये टाकली आणि थापीने कालवून घमेलं दिरापुढे सरकवलं. पुतळ्याचे दोन तुकडे जिथे जोडले होते, तिथे पोटावर फट राहिली होती. मिस्त्रीने तो सगळा माल त्या फटीत भरला.

"वहिनी, पुतळ्याचं पोट दुखेल."

"दुखू दे. त्याला कुठे पिल्लं आहेत?"

निघताना तिने कामातून उरलेले खडे आणले आणि माझ्याकडे न बघता दारात ओतले. मन चांगलं होतं बाईचं, पण सगळे अगदी दारातच ओतले. मी आत कोंडले गेले. बाहेर यायला पहाट झाली, आणि त्यातले बरेचसे मी मागच्या पायाने लोटून दिले. ट्रकमधले बटाटे होते ते.

उद्घाटनाला मोजपट्टीवाल्या बाई पाहुण्या म्हणून आल्या. फीत कापून झाल्यावर त्या अक्षरांवर उभ्या राहून उताराकडे बघत राहिल्या.

"ढीग कुठे गेले?" त्यांनी विचारलं.

"सगळं स्वच्छ करून घेतलंय, बाई," साहेब अभिमानाने म्हणाले.

टाळ्या वाजल्या. मागच्या रांगेतून वहिनी उठली. "मी उचलले, बाई. तुमच्या पायाखाली आहेत."

बाई तिथेच खाली बसल्या आणि अक्षरांवरून हात फिरवू लागल्या. त्यांनी सांगितलं, ही अक्षरं फोडा आणि खडे उतारावर नेऊन पसरा. उद्यानाच्या मंडळींनी सांगितलं, ते आता शक्य नाही, फोटो काढून झालेत, लोकांच्या भावनेचा प्रश्न आहे. शेवटी तडजोड म्हणून उताराभोवती दोरी बांधली. दिवे मात्र काढले, ते बाईंनी भांडून करून घेतलं. आमच्यातले जे उरले त्यांनी पुन्हा रचायला घेतलं. ढीग अजून थोडे आहेत आणि ठेंगणे आहेत. आमच्या दारांचे खडे आमच्याच अभिमानात अडकून पडलेत, त्याला काय करणार?

आता शाळांच्या सहली येतात. तुम्हीच येता, मित्रांनो. पुतळ्याच्या शेपटीवर बसून फोटो काढता, बिस्किटं खाता, आणि जाताना आठवण म्हणून एकेक खडा खिशात घालता. मोठी माणसंही घालतात. अक्षरांतला निघत नाही, म्हणून पुतळ्यामागच्या आयत्या ढिगातला घेता. गेल्या आठवड्यात असाच एक हात आला आणि माझा पांढऱ्या रेघेचा खडा गेला. तुम्हाला खडेउंदीर आवडतो म्हणूनच नेलात, हे मला कळतं. शहरालाही आम्ही आवडलोच होतो.

माझे दात आता झिजलेत. खडा निवडायची नजर आहे, पण उचलून आणायचा दम राहिला नाही. पावसातून वाचवलेल्या दोघांपैकी लेक माझ्याजवळच राहते आणि परवाच ती व्यायली. दार तिचं आहे आता, आणि ढग पुन्हा जमू लागलेत. तेव्हा घरी जाऊन खिडकीत, कंपासपेटीत, खिशात बघा. काळपट, गोल, मधोमध पांढरी रेघ. सापडला तर आणून द्या. दुसरा कुठलाही सापडला तरी आणा, आम्ही हुंगून बघू. मला माफी नको, भाषण नको, हारही नको. पुतळ्याच्या उजव्या पायामागे यायचं आणि खडा खाली ठेवायचा. फक्त दारात ओतू नका, बाजूला ठेवा. आत लहान पिल्लं आहेत.